काडीवाला

मधमाश्या पाळणारे सीमा नाक्यावरच्या तपासनीसाला ‘काडीवाला’ म्हणत, तेही दात-ओठ खात. राज्याची हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक पेटीला तीस दिवसांच्या आतला रोगमुक्तीचा दाखला हवा, असा नियम. दाखला नसला की तो नाक्यावर पेट्या उघडायचा, मेलेल्या अळीच्या घरात काडी घालून हळूच बाहेर ओढायचा. कुजलेल्या अळीची चिकट तपकिरी तार काडीबरोबर ताणली गेली, की रोग पक्का; ती पेटी जाळायची. एकाने तर चिडून माश्यांनी भरलेली पेटी त्याच्या टेबलावर उपडी केली होती.

त्याचा थोरला भाऊही माश्या पाळायचा. वडील गेल्यावर त्यानेच धाकट्याला शिकवलं. धाकट्याची या नाक्यावर बदली झाली आणि थोरल्याने दाखला काढणंच सोडून दिलं.

एके दिवशी भर दुपारी थोरल्याचा ट्रक आला. साठ पेट्या, तोंडाला जाळ्या.

“दाखला, दादा?”

“घरच्या माणसाला दाखला मागतोस?”

“मग पेट्या उतरवाव्या लागतील.”

“या उन्हात? माश्या शिजतील आत! अंगावर हा गणवेश कुणामुळे आहे रे तुझ्या?”

धाकटा ट्रकवर चढला. अगदी आतल्या रांगेत, ताडपत्रीखाली दडपलेल्या चार पेट्यांना सडका वास येत होता. काडीला बोटभर तार आली. थोरल्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्याला माहीत होतं, म्हणूनच तर त्या आत दडवल्या होत्या.

“चार बाजूला काढ. बाकीच्या सोड,” थोरला म्हणाला.

“चार जळतील. उरलेल्या परत जातील.”

थोरल्याने त्याची कॉलर धरली. “आईला काय सांगू? सख्ख्या भावाने घराला काडी लावली म्हणून?”

“रोग लपवून आणलास, तेही सांग.”

खड्डा खणला, पेट्रोल ओतलं. धाकट्याने स्वतः काडी ओढून आत टाकली. मला गृहीत धरलं याने, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

थोरल्याने मग सगळीकडे पसरवलं, की काडीवाला एकच काडी सगळ्या पेट्यांत फिरवतो, रोग तोच लावतो. खरं तर तो दर पेटीला नवी काडी घ्यायचा. पण लोकांना खोटंच हवं होतं.

सुट्टीत तो घरी गेला, तेव्हा वहिनी दारात आडवी उभी राहिली. “भाऊजी, आल्या पावली परत जा.” आतून आईचा खोकला ऐकू आला. आईने हाक मारली नाही.

पुढच्या वर्षी थोरला आला तो दाखला घेऊनच. टेबलावर भिरकावला.

धाकट्याने तारीख पाहिली, शिक्का पाहिला आणि तरीही दहा पेट्या उघडायला लावल्या. शंका आली तर तसा अधिकार होता त्याला. सगळ्या निरोगी निघाल्या.

“झालं समाधान?”

धाकट्याने सही केली. कागद पुढे करताना विचारलं, “आई कशी आहे?”

“नियमात आहे का हे विचारायचं?”

थोरल्याने कागद हिसकावला. ट्रक हद्दीपलीकडे निघून गेला.