स्क्रूचा पाव फेरा

टेपकाकांचं खरं नाव दवाखान्यात फक्त पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळ्यांना ते टेपकाकाच. टेप म्हणजे गाण्यांची नव्हे हो! आगपेटीपेक्षा जराशी मोठी अशी एक कॅसेट असते. दिवसभरात कॉम्प्युटरवर जे जे काम झालं त्याची नक्कल तिच्यावर उतरवून ठेवायची, म्हणजे उद्या कॉम्प्युटर बसला तरी माणसाला बसायची वेळ येत नाही. ही कॅसेट ज्या यंत्रात घालायची तो टेप ड्राइव्ह. आणि त्या ड्राइव्हशेजारी वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत, उशी बांधलेल्या लाकडी खुर्चीत, तेवीस वर्षं टेपकाका.

माणूस फटकळ. कोणी टेपेला उघड्या हाताने शिवलं तर "हात काय उसने आणलेत का?" म्हणून अंगावर जायचे. पण कामाला चोख. वारांच्या पाच टेपा आणि महिन्यांच्या बारा, अशा सतरा टेपा. आलटून पालटून त्याच वापरायच्या, जुनं पुसून त्यावर नवं लिहायचं. रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला टेप बदलली गेलीच पाहिजे. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नातून काका पंगत सोडून टेप बदलायला आले होते. बायकोने ते कधी विसरू दिलं नाही. "माहेरच्या माणसांपुढे माझं नाक कापलंत, तेही कशासाठी, तर एका डबीसाठी!" हे तिचं पालुपद वर्षातून चार वेळा तरी व्हायचंच.

आता डबी म्हणा नाहीतर काही म्हणा, त्या डब्यांत काय होतं ते ऐका. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी चौदा वर्षांपूर्वी खडी फोडण्याच्या यंत्रांशेजारच्या वस्तीतली चारशे बारा मुलं निवडली होती. पाच-सहा वर्षांची चिमुरडी. दरवर्षी प्रत्येकाला बोलवायचं, नळीत जोरात फुंकायला लावायचं आणि छातीत किती हवा मावते त्याचा आकडा घ्यायचा. धूळ पोरांचा श्वास खाते हे वस्तीत कोणालाही विचारा, तो सांगेल. पण चौकशी समितीपुढे सांगायचं तर पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे त्याच पोराचा दर वर्षाचा आकडा. मोठ्या झालेल्या मुलाचा सहाव्या वर्षीचा श्वास पुन्हा मोजता येत नाही. बाईंनी लग्न केलं नाही, दुसरीकडच्या मोठ्या नोकऱ्या नाकारल्या, आणि चौदा वर्षं ते आकडे जमवले. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या आणि त्याआधी अहवाल समितीपुढे ठेवायचा होता.

मूळ कागद म्हणाल, तर तेही होते. चार वर्षांपूर्वी खालच्या खोलीत ओल आली, कपाटं रिकामी करायची वेळ आली, तेव्हा ऑफिसच्या साहेबांनी बाईंना विचारलं, हे गठ्ठे ठेवायचे का? बाई म्हणाल्या, "टाका. टेपकाका आहेत ना. माझा कागदावर नाही एवढा त्यांच्यावर भरवसा आहे." हे सगळ्यांसमोर म्हणाल्या. गठ्ठे गेले, आणि तेव्हापासून नवे आकडेही थेट कॉम्प्युटरवरच. काका त्या दिवशी घरी गेले ते जमिनीपासून चार बोटं वरूनच. बायकोला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा ती म्हणाली, "ऐकलं हो, बहिरी नाहीये मी."

आणि यंदा ड्राइव्ह गेला. एका दुपारी आतून जळका वास आला, मोटर जळली. तसलं मॉडेल आता बनत नाही, म्हणून कुठूनसा तसाच एक वापरलेला ड्राइव्ह मिळवला. जुना काकांनी स्वतःच्या हाताने भंगारात दिला. "मेलेलं उशाशी कशाला?" म्हणाले.

नवा ड्राइव्ह बसवला, आणि इथे घोडं अडलं. बॅकअपचं सॉफ्टवेअर त्याला ओळखच देईना. यंत्र चालू, दिवा हिरवा, पण पडद्यावर आपलं एकच पालुपद: ड्राइव्ह सापडला नाही. काकांनी केबल बदलली. केबलच्या शेवटी लावतात ते टोपण बदललं. ड्राइव्हचा नंबर दुसऱ्या कोणाशी जुळतोय का पाहिलं, बदलला, पुन्हा बदलला. सॉफ्टवेअर काढलं, घातलं. मदतीच्या फोनवरचा माणूस दरवेळी नवा, आणि दरवेळी पहिला प्रश्न तोच.

"सर, एकदा बंद करून चालू केलंत का?"

"अरे बाबा, तू शाळेत होतास तेव्हापासून मी बंद आणि चालूच करतोय!"

"बरं सर. मग आता परत एकदा करून बघता का?"

काकांनी कपाळाला हात लावला. आठवडाभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. टेपेवर नवीन काही उतरत नव्हतं, तेवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि सहाव्या दिवशी, नेमकं तेव्हाच, कॉम्प्युटरची मुख्य डिस्क दोनदा घरघरली आणि गप्प झाली. डिस्क एका कंपनीकडे धाडली. तिकडून उत्तर आलं, आतली तबकडी खरवडली गेलीय, काही निघणार नाही.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई मात्र शांत. वर खोलीत येऊन त्यांनी विचारलं, "काका, टेपेवर आहे ना सगळं?"

"आहे म्हणजे काय! सतरा टेपा आहेत. हे सॉफ्टवेअर एकदा शुद्धीवर येऊ द्या, तासाभरात तुमचे आकडे तुमच्या टेबलावर."

काकांनी कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवली, सॉफ्टवेअर पुन्हा चढवलं, आणि पंधराव्या दिवशी मेख सापडली. कॉम्प्युटरचा स्वतःचा एक छोटा प्रोग्राम ड्राइव्हवर हक्क सांगून बसला होता, म्हणून बॅकअपच्या सॉफ्टवेअरला तो मिळत नव्हता. भाऊबंदकीच की! काकांनी एकाला बंद केलं आणि दुसऱ्याच्या यादीत ड्राइव्हचं नाव उमटलं. काका खुर्चीतून ओरडलेच. साहेब धावत आले, खालच्या नर्सबाई आल्या, कोणीतरी चहा मागवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

काकांनी शुक्रवारची टेप घातली. यंत्र गुणगुणलं, थांबलं, पुन्हा गुणगुणलं. पडद्यावर आलं: टेप कोरी आहे.

गुरुवारची घातली. कोरी. मार्चची, एप्रिलची. कोरी. सतराच्या सतरा. चहा आला आणि तसाच निवला. मग काकांनी दुकानातून आणलेली नवी टेप घातली, तिच्यावर दोन पत्रं लिहिली, वाचली. लिहिली गेली, वाचली गेली, चोख. म्हणजे ड्राइव्हमध्ये खोट नव्हती. सॉफ्टवेअरमध्येही नव्हती.

साहेब म्हणत होते, असं कसं, असं कसं.  असं कसं ते काकांना एकट्याला कळलं होतं.

सहा वर्षांपूर्वी जुना ड्राइव्ह कुरकुर करायला लागला होता. लिहिताना चुका दाखवायचा. मेकॅनिकला बोलवायचं तर तो पंधरा दिवसांनी येणार. काकांनी झाकण उघडलं. आत टेपेला वाट दाखवणाऱ्या खांबाशी एक बारीक स्क्रू होता, त्याला घड्याळजीच्या पेचकसाने पाव फेरा दिला. कुरकुर बंद! पडद्यावर हिरवी खूण. जुन्या टेपा मात्र ड्राइव्ह ओळखेना; कोऱ्या आहेत म्हणायचा. काकांना वाटलं, टेपा म्हाताऱ्या झाल्या. डिस्कवर सगळं होतंच. त्यांनी सगळ्या टेपा पुसल्या आणि नव्याने लिहून काढल्या. त्यानंतर सहा वर्षं एकही चूक आली नाही. कशी येणार? वाकडं लिहिणाराही तोच आणि वाचणाराही तोच. सरळ लिहिणाऱ्या दुसऱ्या यंत्राला त्या सतरा टेपांवर काही लिहिलंय हेच दिसत नव्हतं. आणि या पाव फेऱ्याबद्दल काका कोणाला बोलले नव्हते. लपवायचं म्हणून नव्हे. त्यांना त्याचं कौतुक वाटत होतं, आपलं आपल्याशी.

मेकॅनिक आला तेव्हा काकांनी दार लावून त्याला सगळं सांगितलं. त्याने हनुवटी खाजवली.

"काका, मोटर जळली तर मोटर बदलता येते. तोच ड्राइव्ह हवा. जुना कुठाय?"

काका पायातल्या चपला फरफटत भंगारवाल्याकडे गेले. भर दुपार. पत्र्याच्या शेडखाली पंख्यांचे सांगाडे, वायरींची भेंडोळी. भंगारवाल्याने एका ढिगातून पत्र्याचं झाकण ओढून काढलं. त्यावर काकांच्याच अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'हात लावू नये.'

"आतलं?" काकांनी विचारलं.

"आतलं बारीकसारीक वेगळं करतो आम्ही. ते परवाच्या गाडीत गेलं, वितळायला."

"सगळं?"

"आता काका, भंगार म्हटल्यावर सगळंच की."

मग मेकॅनिक आणि काका नव्या ड्राइव्हचा तोच स्क्रू फिरवत तीन दिवस बसले. पाव फेरा दिला, अर्धा दिला, केसभर पुढे, केसभर मागे. पण पाव फेरा कुठून मोजायचा? जुना स्क्रू त्या दिवशी मुळात कुठे होता ते कोणाला ठाऊक? प्रत्येक खेपेला टेप झिजत होती. तिसऱ्या दिवशी मार्चची टेप आतच गुंडाळली गेली आणि तुटली. मेकॅनिकने पेचकस खाली ठेवला. असल्या टेपा वाचून देणाऱ्या दोन ठिकाणी पत्रं पाठवली होती. एकाने हे मॉडेल बंद केलंय म्हणून कळवलं. दुसऱ्याचं पत्र 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत आलं.

काका घरी जाऊन नुसते बसून राहिले. बायकोने ताट वाढलं, उचललं. एरवी तिने डबीचा विषय काढला असता. त्या दिवशी नाही काढला. एवढंच म्हणाली, "बाईंना तुम्हीच सांगा. साहेबांकडून कळायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बाईंच्या खोलीत गेले, उभ्यानेच सगळं सांगितलं. स्क्रूचं, टेपा पुसल्याचं, भंगाराचं. काही राखून ठेवलं नाही. बाई ऐकत होत्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या.

"सहा वर्षं हिरवी खूण येत होती बाई. देवाशपथ येत होती."

"एकदा तरी, एखादी टेप दुसऱ्या यंत्रात वाचून बघितली होतीत का?"

"दुसरं यंत्र नव्हतं आपल्याकडे."

"हो. नव्हतं." बाई खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "कागद टाकायला मीच सांगितलं."

"बाई, तसं नका म्हणू. मला शिव्या द्या. काय वाटेल ते बोला, पण तसं म्हणू नका."

बाईंनी शिव्या दिल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सोमवारपासून यंदाची मोजणी आहे. आता कॉम्प्युटर नको, कागदच. तुम्ही वही घेऊन माझ्याशेजारी बसा." काकांना वाटलं, याच्यापेक्षा नोकरीवरून काढलं असतं तर बरं झालं असतं. रडू आलं, ते जिन्यात रडून घेतलं.

सोमवारी काका मोठी वही आखून बसले. नाव, वय, गेल्या वर्षीचा आकडा, यंदाचा आकडा. सवयीने चारही रकाने आखले गेले. पहिली आली ती वस्तीतली एक एकोणीस वर्षांची मुलगी, शिवणकाम करणारी, बोलकी. बाईंना वाकून नमस्कार केला, नळी तोंडात धरली, डोळे मिटून फुंकलं. खोकत खोकत बसली. बाईंनी आकडा सांगितला, काकांनी लिहिला.

"गेल्या वर्षीपेक्षा वाढला का कमी झाला?" तिने विचारलं. सगळीच मुलं विचारायची.

बाई नळी पुसायला लागल्या. तिने वहीत डोकावून पाहिलं. "हा रकाना रिकामा का, काका?"

"जुने आकडे गेले पोरी. मशीन बिघडलं. माझ्या हातून गेले."

"कोणाकोणाचे?"

"सगळ्यांचे."

 तिचा थोरला भाऊही या मोजणीत होता. पहिल्या वर्षापासून दोघं हात धरून यायचे. दोन वर्षांपूर्वी तो गेला, फुप्फुसंच निकामी झाली होती. शेवटच्या वर्षी त्याला नळीत नीट फुंकताही आलं नव्हतं, तेव्हा बाईंनी त्याला सांगितलं होतं की तुझा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो वाया जाणार नाही.

"दादाचे पण?" तिने विचारलं.

काकांनी होकारार्थी मान हलवली. ती उठली, ओढणी सारखी केली आणि बाईंकडे न बघता बाहेर गेली. बाकावरचा पुढचा मुलगा आत आला, आणि काकांनी त्याला नाव विचारलं.