बारा पंचांची बाके

अर्लीन बॅगेट आठवडाभर शाळेची बस चालवी आणि रविवारी चर्चमध्ये गाई. ज्या आवाजाने बसमधली वांड पोरे चिडीचूप होत, त्याच आवाजाने रविवारी वडीलधारी माणसे डोळे पुसत. पण नातू टेवॉन तुरुंगात गेला आणि तो आवाज ओठांतच अडू लागला.

हॉलिस प्रुइटचे हार्डवेअरचे दुकान फुटले होते. संशय टेवॉनवर आला. त्याने केले की नाही, हे न्यायालयाने ठरवायचे. आणि हार्लो जिल्ह्यात न्यायालय एकुलते एक. काडीमोड तिथेच, बांधाचे तंटे तिथेच, खूनखटलेही तिथेच! टेवॉनची पाळी येईना, आणि जामिनाला तारण नव्हते. पोराचा दुसरा नाताळ गजांआड सरला.

अखेर राज्याने केवळ फौजदारी खटल्यांसाठी दुसरे न्यायालय मंजूर केले. न्यायाधीशाचा पगार राज्य देणार. कारकून, शिपाई, सरकारी वकील आणि दालन मात्र जिल्ह्याच्या माथी.

जिल्हा मंडळाच्या सभेत अध्यक्ष वेंडेल क्रॉस यांनी कपाळाला हात लावला. "पगारांपुरता कर वाढवू. लोक शिव्या देतील, त्या खाऊ. पण जुन्या वाचनालयात दालन उभारायचं, तर लाकूडकामच डोईजड होतंय. निकाल देणाऱ्या बारा पंचांना काय पत्र्याच्या खुर्च्या द्यायच्या? पाहू पुढच्या महिन्यात."

'पाहू' म्हणजे आणखी एक नाताळ, हे अर्लीनला उमगले.

बाहेर पायऱ्यांवर हॉलिस भेटला. "मिस अर्लीन, तुमचा नातू आत झुरतोय आणि माझी झोप बाहेर उडालीय. कुलूप लावलं तरी तीनदा उठून बघतो. कोण होतं ते एकदाचं कळू तरी दे!"

"तेच तर ठरू दे म्हणतेय मी," ती म्हणाली.

अर्लीनच्या चर्चची नदीकाठची जुनी इमारत पुरानंतर बंद पडली होती. अर्लीनच्या दिवंगत पतीने, एमॉसने, घडवलेली तिथली ओकची बाके कोठारात ताडपत्रीखाली पडून होती. चर्चच्या मंडळींच्या बैठकीत अर्लीन उठली आणि ती बाके न्यायालयाला द्यावीत, असे म्हणाली.

ज्येष्ठ सेविका लर्लीन कडाडली, "देवाची बाकं चोरचिलटांच्या खोलीत? नातवापायी देव विकायला निघालीस का, सिस्टर?"

"विकत नाही, देतेय. आणि त्यांवर टेवॉन बसणारच नाही. तिथे पंच बसतील. उद्या पंच म्हणून आपल्या नावाची चिठ्ठी निघाली, तर दुसऱ्या कुणाच्या नातवासाठी तू बसशील, मी बसेन. इतकी वर्षं त्याच बाकांवर बसून आपण म्हणालो, 'देवा, न्याय दे.' आता देव म्हणतोय, 'देतो, पण आधी बसायला जागा करा!'"

मग लर्लीन पुटपुटली, "पॉलिश मात्र मी करणार. तुझं पुसणं मला ठाऊक आहे."

हे ऐकून दुसऱ्या एका चर्चने कठडा दिला, तिसऱ्याने व्यासपीठ. क्रॉस यांनी ओकवरून हात फिरवला आणि मतदान घेतले. एका मताने का होईना, ठराव तरला.

बाके हलवायच्या दिवशी पहिल्या बाकाचे एक टोक अर्लीनने धरले. दुसऱ्याला हात घातला हॉलिसने.

"जपून! तुमचं टोक खाली जातंय," ती ओरडली.

"माझं खाली नाही, तुमचं वर जातंय!"

दोघेही हसले. पुष्कळ दिवसांनी.

नव्या न्यायालयाच्या पहिल्याच आठवड्यात टेवॉनचा खटला उभा राहिला. आदल्या दिवशी अर्लीन नातवाला काचेपलीकडे भेटली. "बाळा, निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. पण उद्या तुझं म्हणणं ऐकायला बारा माणसं तुझ्या आजोबांच्या बाकांवर बसतील. ताठ बस आणि खरं बोल."

सकाळी शिपायाने पुकारले, "उठा!" एका बाजूला अर्लीन उठली, दुसऱ्या बाजूला हॉलिस. बारा अनोळखी माणसे ओळीने आत आली आणि बसली. ओकचे लाकूड करकरले, रविवारी करकरे अगदी तसेच. आणि अर्लीनच्या ओठांत अडलेले गाणे हलकेच, कुणाला ऐकू जाणार नाही इतके हलकेच, सुरू झाले.