वहिनीची सतरा खोटी माणसं

आमची वहिनी आधी वस्तू तुमच्या हातात कोंबते आणि मग विचारते, "धरशील का जरा?" तोवर तुम्ही धरलेलीच असते. लग्न होऊन घरात आली त्याच संध्याकाळी तिने माझ्या हातात स्क्रू दिले आणि स्टुलावर चढली. म्हणाली, "हा पंखा किरकिरतो, मला झोप यायची नाही." नवी नवरी वर पंख्याला लटकलेली, मी खाली स्क्रू सांभाळत, आणि दादा दारात आ वासून उभा. तेव्हापासून मी तिची. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणे. ज्यांचं पटत नाही त्यांचं त्यांनी बघावं.

ती दिवसभर दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. फोन घेते, वेळ देते, घाबरलेल्यांना "काही होत नाही हो" म्हणते, आणि आतून किंकाळी आली की रेडिओ मोठा करते. पेशंट नसले की त्याच टेबलावर प्रोग्राम लिहिते. शिकली कुठे? कुठेच नाही. एकदा दवाखान्याचा कॉम्प्युटर बंद पडला, दुरुस्तीवाला येतो येतो म्हणत आलाच नाही, तेव्हा हिने तो स्वतः उघडला. तिथून जी आत घुसली ती अजून बाहेर आलेली नाही.

तिची एक टोळी आहे, चौदा जणांची. सगळे मिळून एक फुकटचं ॲप चालवतात. तुम्ही स्टॉपवर उभे राहिलात की पुढची बस किती वेळात येईल ते हे ॲप सांगतं. कुणालाही त्याचे पैसे मिळत नाहीत. आम्ही दोघी सोडलो तर सहा वर्षांत कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं, सगळं लिहून लिहूनच चालायचं. मीपण त्यात आहे. मला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही, शाळा मी नववीतच सोडली, पण मी दिवसभर स्कूटरवरून पार्सलं वाटत फिरते. कुठला स्टॉप खोदकामामुळे पुढे सरकवला, कुठली बस आता पुलाखालून वळते, हे मी कळवते. टोळीत मला 'डोळा' म्हणतात. मला आवडतं.

तर या टोळीत यंदा फाटलं. एका बाजूला मास्तर. बस कधी येणार याचा अंदाज काढणारं सगळं गणित त्यांचं. ते मास्तर वगैरे नाहीत, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, पण सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून मास्तर. दुसऱ्या बाजूला डॉक्टर. तोही डॉक्टर नाही, विमा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारा पोरगा आहे. कुणाचंही काम बघितलं की "हे आजारी आहे" म्हणतो, म्हणून डॉक्टर. भांडण असं, की बसचा पत्ता लागत नसेल तर ॲपने काय दाखवायचं? मास्तर म्हणाले, अंदाज दाखवा, दोन मिनिटं म्हणा. डॉक्टर म्हणाला, माहीत नाही तर माहीत नाही म्हणा. यावरून दोघांनी एकमेकांना एवढं थंड आणि सभ्य लिहिलं की वाचून मला हुडहुडी भरली. शेवटी मास्तरांनी जाहीर केलं, मी सोडतोय.

मास्तर गेले की गणित गेलं, आणि गणित गेलं की ॲपची नुसती पाटी उरणार.  तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "लिहून भांडणं सोपं असतं गं. समोर बसून जेवताना एवढं वाईट बोलता येत नाही. सगळ्यांना डोंगरावर न्यायचं. भाषणं नाहीत, काही नाही. नुसतं दोन दिवस एकत्र राहायचं."

मास्तरांनी कळवलं, येतो, पण निरोप घ्यायला. रविवारी दुपारच्या बसने परत जाईन. म्हणजे वहिनीच्या हातात शनिवारची सकाळ ते रविवारची दुपार, बस्स एवढंच होतं.

डोंगरावर एक जुना बंगला भाड्याने मिळत होता. सांभाळणारा एक मिशीवाला म्हातारा, आम्ही त्याला सुभेदार म्हणायला लागलो. वहिनीने नाव नोंदवायचं पान बनवलं. तुम्ही नाव टाकलं की ते थेट सुभेदारांच्या फोनवर जाणार. आणि पान बनवल्यावर कुठलाही प्रोग्रामवाला जे करतो तेच हिने केलं. पान नीट चालतं का बघायला काहीबाही नावं टाकली. टेस्ट मावशी. अबक अबक. चालतंय का. का चालत नाही. पुन्हा एकदा. शेवटचं एकदा. खरंच शेवटचं. अशी सतरा.

ती पुसायची राहिली.

निघायच्या चार दिवस आधी सुभेदारांचा फोन आला. मी शेजारीच बसले होते. ते आनंदाने नुसते उतू चालले होते. म्हणाले, "एकतीस माणसं! ताई, मागच्या खोल्या किती वर्षं बंद होत्या, सगळ्या उघडल्या. बहिणीला बोलावलंय स्वयंपाकाला. रजया गच्चीवर वाळत घातल्यात. आणि प्रत्येकाच्या पलंगाला नावाचं कार्ड लावलंय, स्वतःच्या हाताने लिहिलेलं!"

वहिनीने फोन ठेवला.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"तो रजया वाळवतोय गं."

"मग?"

"मग काय! सतरा माणसं आणायची."

त्यानंतर जे झालं त्याला मी पळापळ म्हणणार नाही, ती वहिनीची नेहमीची चाल होती, फक्त वेग वाढला होता. टोळीतल्या प्रत्येकाला कळवलं, घरातलं एखादं माणूस घेऊन या. दादा लिफ्ट दुरुस्तीला कुठल्यातरी विसाव्या मजल्यावर अडकला होता, त्याला फोनवर सांगितलं, "तू शनिवारी 'शेवटचं एकदा' आहेस." तो बरं म्हणाला. त्याने प्रश्न विचारणं कधीच सोडून दिलंय. आईच्या पुढ्यात लोकरीचे मोजे ठेवले. बाबांना सांगितलं, तिथे पत्ते खेळायला गडी आहेत. तरी एक कमी पडत होता. तेवढ्यात दवाखान्यात एक माणूस दाढ काढून बाहेर आला. अर्धं तोंड बधिर, गालात कापूस. वहिनीने त्याच्या हातात लोकरीची टोपी दिली आणि म्हणाली, "दोन दिवस डोंगरावर, हवा चांगली आहे, खायला मऊ देऊ. नको असेल तर नाही म्हणा." त्या बिचाऱ्याने "ह्हँ" असा काहीतरी आवाज काढला. तो हो होता की नाही हे आजपर्यंत कळलेलं नाही. पण शनिवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी गाडीपाशी हजर होता, टोपी घालून.

बंगल्याच्या पायरीवर सुभेदारांनी हजेरी घेतली.

"टेस्ट मावशी!"

 आईने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "मी का गं?"

"तूच."

"आले हो, आले," आई म्हणाली, आणि पदर सावरत अशी पुढे गेली जशी काही बक्षीस घ्यायला चालली आहे.

"का चालत नाही!"

बाबा काठी टेकत निघाले. "गुडघा धरलाय हो," ते म्हणाले. तिथे माझा बांध फुटला. दादा हसला, टोळीतली पोरं हसली, डॉक्टर तर जिन्याचा कठडा धरून वाकला. मास्तर तेवढे ताठ उभे होते, बगलेत घरून आणलेली स्वतःची उशी दाबून. शेजारी त्यांची बायको, गोल, हसरी, चष्म्यातून सगळीकडे बघणारी.

"खरंच शेवटचं!"

"मी मी!" मास्तरीणबाई ओरडल्या.

आता वहिनीला राहवेना. ती सुभेदारांपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं खरं सांगून टाकलं. पान, चाचणी, खोटी नावं, पुसायचं राहिलं, सगळं. सुभेदारांनी शांतपणे ऐकलं. मिशी एकदा वर झाली, एकदा खाली.

"माणसं खरी आहेत ना?"

"हो."

"जेवणार ना?"

"हो!"

"मग झालं तर. पण कार्डं मी हाताने लिहिलीत. दोन दिवस ज्याचं कार्ड त्याचं नाव." आणि आईकडे वळून, "टेस्ट मावशी, तुमची खोली उजवीकडे."

जेवणं झाल्यावर टोळी ॲपबद्दल बोलायला दिवाणखान्यात जमली. शेगडी फक्त तिथेच, त्यामुळे घरचेही सगळे तिथेच. मास्तर एका टोकाला, डॉक्टर दुसऱ्या टोकाला, मधे एवढी जागा की सायकल चालवावी.  वहिनी बटाटे सोलत होती आणि बोटही सोलत होती, लक्षच नव्हतं.

आई मोजे चढवत म्हणाली, "म्हणजे ते बसचं दोन मिनिटं दाखवणारं, ते तुम्ही लोकांनी केलंय?"

मास्तर जरा फुलले. "त्यातला हिशोब माझा."

"तुम्हालाच शोधत होते मी!" आई म्हणाली. "अहो, दोन्ही हातांत पिशव्या, तुमचं ते म्हणतंय दोन मिनिटं. बरं, उभी राहिले. बघते तर परत दोन मिनिटं. मागे बाक होता रिकामा. पण दोन मिनिटांसाठी कोण बसतं? पाऊण तास उभी! माझ्या पायांचा हिशोब कोण करणार?"

 तिकडून डॉक्टर उसळला, "हेच! हेच मी सांगतोय! माहीत नाही तर माहीत नाही म्हणायचं!"

"अरे जा!" हे बाबा. "माहीत नाही हे मला तुझ्या ॲपशिवायही माहीत असतं. ते बघायला मी खिशातून चष्मा काढू?"

"अंदाज तरी असावा ना," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"खोटा अंदाज काय चाटायचाय?" आई.

"खोटा का असेना, धीर येतो."

"तुम्हाला येत असेल. माझ्या पायाला गोळे येतात."

बघता बघता घरच्यांच्याच दोन पार्ट्या पडल्या. जी भांडणं टोळीने महिनाभर सभ्यपणे लिहिली होती ती यांनी दहा मिनिटांत तोंडाने उरकली, आणि एकमेकांना चहाचे कप देत देत. मास्तर आणि डॉक्टर दोघांनाही मधे बोलू देईनात. दोघांनी एकदमच हात वर केले, आणि एकमेकांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "हे लोक वापरतात हे." डॉक्टर म्हणाला, "हो ना. भयंकर आहे." एवढंच. पण सहा वर्षांत एकमेकांशी तोंडाने बोललेलं पहिलं वाक्य.

तेवढ्यात दाढवाला. दिवसभर त्याच्या तोंडून शब्द नव्हता. गाल धरून म्हणाला, "मला एवढंच सांगा, बाकावर टेकू, उभा राहू, की चालायला लागू? मिनिटं राहू द्या तुमच्याकडेच."

"ते गणितात बसत नाही," मास्तर म्हणाले.

"बसतं," डॉक्टर म्हणाला.

"नाही बसत."

मग बाबांनी पत्ते काढले आणि विषय संपला. मला वाटलं, जिंकलो. वहिनीलाही वाटलं असणार, कारण रजईत शिरूनही ती खुसखुसत होती.

पण रविवारी सकाळी मास्तर बॅग भरून व्हरांड्यात. बगलेत उशी.

"गणिताचं सगळं समजावून घरून पाठवतो," ते वहिनीला म्हणाले. "मजा आली. पण ठरलं ते ठरलं."

"मी येत नाही हं," मास्तरीणबाई आतून म्हणाल्या. "माझं कार्ड आहे. मी संध्याकाळी सगळ्यांबरोबर."

वहिनी नुसतं "बरं" म्हणाली. पहिल्यांदाच तिचे हात मला रिकामे दिसले. मला ते सहन होईना.

"मास्तर," मी म्हटलं, "ही सहा वर्षं जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तुमची बोलणी खातेय. आणि तुम्ही उशी घेऊन निघालात?"

"ए, गप," वहिनीने मला मागे ओढलं.

मास्तर काहीतरी म्हणणार होते, पण डॉक्टरने पुढे होऊन त्यांची बॅग उचलली. "उतार आहे. खालपर्यंत येतो."

"गरज नाही."

"बॅग माझ्याकडे आहे," डॉक्टर म्हणाला आणि चालायला लागला. त्यामुळे मास्तरांनाही चालावं लागलं.

व्हरांड्याच्या कठड्यावरून खालचं वळण दिसतं. तिथे एक खांब आणि एक लांबट दगड, तोच स्टॉप. आम्ही सगळे कठड्याला ओळीने लागलो. सगळ्यांना जागा पुरेना, सुभेदार मागे खुर्चीवर उभे राहिले. खाली दोघे पोचले. डॉक्टरने बॅग ठेवली. थोडा वेळ दोन खांबांसारखे उभे. मग मास्तर दगडावर बसले. डॉक्टर काहीतरी बोलला. मास्तर ताडकन उठले आणि डॉक्टरला खांद्याला धरून बसवलं. मग डॉक्टर उठला, रस्त्यावर चार पावलं चालून गेला, तिथून ओरडून काहीतरी विचारलं. मास्तरांनी दोन्ही हात जोरात हलवले. नाही, नाही, नाही.

"भांडताहेत का?" आईने विचारलं.

"दाढवाल्याचं ते गणितात कसं बसतं, बघताहेत," बाबा म्हणाले.

"मारामारी झाली तर मी जाऊ?" दादा.

"थांब रे!" वहिनीने त्याची बाही धरली.

मास्तर खाली वाकले. काटकी उचलली आणि धुळीत काहीतरी लिहायला लागले. डॉक्टर उकिडवा बसला. त्याने पुसलं. मास्तरांनी परत लिहिलं. डॉक्टरने पुसायला मास्तरांची उशी घेतली! उशी! आणि मास्तरांचं लक्षसुद्धा नाही, ते पुढचं लिहीत होते, रांगत रांगत रस्त्याच्या कडेने.

वळणावरून बस आली. थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, एकदा, दोनदा. मास्तरांनी मान वर न करता, माशी हाकलावी तसा त्याला हात केला.

दार मिटलं. बस गेली.

"अगं बाई," आई म्हणाली, "गेली ना त्यांची बस!"

"गेली," वहिनी म्हणाली, "गेली, गेली!" आणि हसत हसत कठडा धरून खालीच बसली.