मुल्लानपूरची रिळं

कांचन खांबेटे मूळची मिरजेची. नवरा नंदकुमार केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात होता. त्याची बदली चंडीगडला झाली तेव्हा माहेरची माणसं हादरली, कारण पंजाबात अतिरेक्यांच्या गोळ्या रोज माणसं मारत होत्या. "पंजाबात? आणि आत्ता?" पण बदली काही कुणाला विचारून होत नाही. चंडीगडला आल्यावर सेक्टर एकोणचाळीसमध्ये, गव्हाच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात, तिला कॉम्प्युटर विभागात नोकरी मिळाली. पुण्यात तिनं तो कोर्स केला होता. दिवसभर घरी रेडिओवर मेलेल्यांच्या बातम्या ऐकत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून तिनं नोकरी धरली.

विभाग म्हणजे एक काचेच्या दाराची खोली, कपाटाएवढं एक मशीन आणि दोन माणसं. दुसरा माणूस म्हणजे विभागाचा प्रमुख, गुरमेजसिंग. चाळिशीचा, उंच, आवाज मात्र हळू. शहराबाहेर मुल्लानपूर गावात त्याचं घर आणि शेती होती आणि तिथून तो रोज स्कूटरवर यायचा. कांचनला या मशीनची काहीच माहिती नव्हती. त्यानंच ती दिली. ती घाबरून बटणं दाबायला लागली की म्हणायचा, "कांचनजी, रुको. एरर आली ना? पहले पूरी पढ़ो." पंजाबभरच्या शेतांतून तांबेरा रोगाच्या नोंदी यायच्या. कुठल्या गावात, कुठल्या वाणावर, किती पानं गेली. बारा-पंधरा हंगामांची ती माहिती त्या मशीनमध्ये होती.

बॉम्बच्या अफवा वाढल्या तेव्हा केंद्राचे संचालक डॉ. चढ्ढा यांनी ठरवलं की सगळ्या माहितीची एक प्रत इमारतीबाहेर असावी. गुरमेज म्हणाला, माझ्या घरी ठेवतो. टेपची तीन मोठी रिळं त्यानं पिशवीत घातली आणि घरी नेऊन ट्रंकेत ठेवली.

एक्याण्णव सालच्या मार्चमध्ये, गहू ओंबीवर आलेला असताना, गुरमेजसिंगला गावच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या. मोटरसायकलवरून दोघं आले होते, एवढंच कळलं. कुणी म्हणालं, त्यानं अतिरेक्यांना रात्रीचा आसरा द्यायला नकार दिला होता. कुणी म्हणालं, पोलिसांनी उचललेल्या एका पोराची त्यानं बाजू घेतली होती. कुणी म्हणालं, माणूसच चुकला, त्यांना दुसराच हवा होता. कुणालाही अटक झाली नाही.

अंत्यसंस्काराला केंद्रातून तिघंच गेले. कांचनला जायचं होतं. नंदकुमार म्हणाला, "त्या रस्त्यानं जायचं? तुला वेड लागलंय का? आपण इथले नाही, कांचन. आपण तीन वर्षांचे पाहुणे." ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली, त्याची खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि कामाला बसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मशीन बंद पडलं. दुपारी वीज गेली आणि आली ती एकदम मोठ्या दाबानं. दिवे भगभगले. मशीनच्या पोटातून पत्रा खरवडल्यासारखा आवाज यायला लागला. टर्मिनलवर एक ओळ उमटली आणि पडदा गोठला. कांचननं ती ओळ पूर्ण वाचली, पुन्हा वाचली, आणि मग मुख्य बटण बंद केलं. डिस्क मेली होती. तिच्यावरची सगळी माहिती गेली होती आणि मशीन जिच्यावर चालतं ती मूळ प्रणालीसुद्धा.

दिल्लीच्या कंपनीला ट्रंक कॉल लावला. तिकडचा इंजिनीअर अगदी अजिजीनं बोलला. "मॅडम, हमारे यहां से कोई आने को तैयार नहीं है. परसों ही बस में से लोगों को उतारकर… आप समझ रही हैं ना? डिस्क भेज देते हैं. बाकी फोन पे बता दूंगा."

लाकडी खोक्यातून डिस्क आली, तीही बंदमुळे उशिरानं. केंद्राच्या इलेक्ट्रिशियननं ती बसवली. मग कांचन एका हातात फोन धरून बसली. इंजिनीअर सांगेल तसं टाईप करत गेली. आधी कोरी डिस्क आखून घ्यायची, मग मूळ प्रणालीची टेप चढवायची, मग एकेक भाग उतरवायचा. मध्येच फोन कटायचा. टेप अर्ध्यात थांबली. पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा थांबली, पण दुसऱ्याच जागी. फोन लागेना. तिनं एररचा शब्दन् शब्द वाचला, टेपयंत्राचं वाचणारं डोकं स्पिरिटनं पुसलं आणि तिसऱ्यांदा सुरू केलं. या खेपेला टेप शेवटपर्यंत गेली. काळ्या पडद्यावर एक छोटं चिन्ह लुकलुकायला लागलं. मशीन जिवंत झालं होतं, पण त्याला काहीच आठवत नव्हतं.

आता माहिती भरायची होती. रोजच्या कामाची प्रत जिच्यावर निघायची ती ऑफिसातली टेप तिनं चढवली. टेप वाचलीच जात नव्हती. यंत्राचा लिहिणारा भाग झिजला होता. कित्येक महिने टेप फिरत होती, लिहिल्यासारखं दाखवत होती, आणि तिच्यावर धड काही उमटतच नव्हतं.

डॉ. चढ्ढांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. "गुरमेज के घर तीन रील पड़ी हैं. पुरानी हैं, पर ठीक होंगी. कौन जाएगा?"

कुणी मान वर केली नाही. चढ्ढा स्वतःही जातो म्हणाले नाहीत. कांचन म्हणाली, "मी जाते." मराठीत म्हणाली हे तिचं तिलाच उशिरा लक्षात आलं. मग हिंदीत पुन्हा सांगितलं.

त्या संध्याकाळी घरात भांडण झालं. नंदकुमारनं जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. "टेपांसाठी जीव देणार आहेस?"

"टेपांसाठी नाही."

"मग कशासाठी?"

कांचननं ताट पुन्हा त्याच्यापुढं सरकवलं. त्यांची सात वर्षांची मुलगी रागिणी दोघांकडे बघत होती. "मम्मी, आप मत जाओ ना," ती म्हणाली. घरात आईवडील मराठी बोलत आणि ती कायम हिंदीत उत्तर द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या जीपमधून कांचन निघाली. वाटेत दोनदा अडवलं, ओळखपत्रं बघितली. दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडत होता. गावात शिरल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, जल्दी करना."

गुरमेजची बायको बलजिंदर दारातच उभी होती. डोक्यावर पांढरी ओढणी. आत खाटेवर तिचा सासरा बसला होता. त्यानं हात जोडले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. कांचनला चहा आला. ज्या घरातला माणूस गेलाय तिथं मी ऑफिसचं सामान मागायला आले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"दफ्तर से तीन जने आए थे उस दिन," बलजिंदर म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. कांचननं मान खाली घातली.

"आप टेप लेने आई हो ना?"

"हां जी."

बलजिंदर आत गेली आणि ट्रंकेतून रिळं घेऊन आली. एक बंद डब्यात होतं. दोन उघडी होती, आणि त्यांच्यावरची टेप वेडीवाकडी, कुठं सैल कुठं ताठ गुंडाळलेली होती.

"पुलिसवाले तलाशी लेने आए थे," ती म्हणाली. "पूछा, ये क्या है. मैंने कहा, दफ्तर का है. माने नहीं. आखिर तक खोल दी. सारा आंगन काला हो गया." तिनं अंगणाकडे बोट केलं. "पुलिस गई तो मैंने लपेट ली. हाथ से. वो कहते थे, इसमें सारे पंजाब की कनक है." कनक म्हणजे गहू.

केवढी तरी लांब टेप. घरात सुतक असताना ही बाई अंगणात बसून ती हातानं गुंडाळत राहिली होती. कांचनच्या डोळ्यांत पाणी आलं. बलजिंदरच्या डोळ्यांत नव्हतं.

"किसने मारा, दफ्तर में कुछ पता चला?"

"नहीं जी."

"हमें भी नहीं." मग तिनं रिळं एका जुन्या चादरीत बांधून दिली.

बंद डब्यातलं रीळ पहिल्याच झटक्यात वाचलं गेलं. उरलेल्या दोन रिळांसाठी कांचनचे बरेच दिवस गेले. मऊ कापड घेऊन ती टेप वीतवीत पुसायची, मातीचे कण काढायची, चुण्या बोटानं सपाट करायची. यंत्र एखाद्या चुणीवर अडलं की तेवढा भाग सोडून पुढं जायचं. दुसरं रीळ बहुतेक आलं, तिसऱ्यातलं फार थोडं. शेवटच्या दोन हंगामांच्या नोंदी कायमच्या गेल्या. त्या पुन्हा गोळा करायच्या तर त्याच गावांत जायला हवं होतं, आणि त्यांतल्या काही गावांत आता कुणी जात नव्हतं.

माहिती उतरल्यावर तिनं सगळ्या फाईली पडद्यावर काढल्या. प्रत्येक फाईलपुढं तिच्या मालकाचं नाव येतं. पण निम्म्याहून जास्त फाईलींपुढं नावाच्या जागी नुसता एक आकडा होता. कारण साधं होतं. नव्या प्रणालीत तिनं सगळ्यांची खाती उघडली होती, गुरमेजचं सोडून. मशीनच्या लेखी तो माणूस नव्हता, म्हणून त्याच्या कामापुढं आकडा. ती पडदा पुढं सरकवत गेली. पानामागून पान, तोच आकडा. मग तिनं त्याच क्रमांकाचं खातं उघडलं आणि त्याला नाव दिलं: गुरमेज. पडदा पुन्हा काढला. सगळीकडे आकडा जाऊन नाव आलं.

डॉ. चढ्ढांच्या ते लक्षात आलंच. "कांचनजी, मरे हुए आदमी का खाता खुला नहीं रखते. नियम है."

"खुला नहीं है, सर. बंद है. कोई अंदर नहीं जा सकता. सिर्फ नाम है."

चढ्ढा निघून गेले.

गुरमेजच्या जागी कांचनलाच तात्पुरतं नेमलं. नोकरीत असताना माणूस गेला की त्याच्या बायकोला मिळते त्या नोकरीचा बलजिंदरचा प्रस्ताव मात्र अडकून राहिला. तपास पूर्ण झाला नव्हता, आणि मेलेला माणूस नक्की कुणाच्या बाजूचा होता हे ठरल्याशिवाय कुणी सही करेना. कांचन दर महिन्याला प्रशासनाच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. दोन वर्षांनी, बरेच हेलपाटे घालून झाल्यावर, बलजिंदरला बियाण्याच्या गोदामात मदतनीस म्हणून घेतलं. गुरमेजच्या हुद्द्याच्या कितीतरी खालची जागा.

तोवर नंदकुमारची नागपूरला बदली झाली होती. निघण्याआधी कांचन गोदामात गेली. बलजिंदर पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग बलजिंदर म्हणाली, "वो कहां बैठते थे, दिखा दोगी?"

कांचन तिला वर घेऊन गेली. काचेच्या दाराआड नवीन आलेला माणूस काम करत होता. कांचननं दार उघडून धरलं. बलजिंदर उंबऱ्याशी थांबली, आत एकवार नजर फिरवली.

"इतनी छोटी जगह," ती म्हणाली. आत गेली नाही. हाताला लागलेला गोंद ओढणीला पुसत ती जिना उतरून पुन्हा गोदामाकडे गेली.