कांदळाची लावणी

दोन हजार सालच्या आसपास लग्न होऊन मी फोंडाघाटाहून आरोंद्याला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंना माती चाखताना पाहिले. अमावास्येच्या उधाणात खाडीचा बांध फुटला होता. पाणी ओसरल्यावर त्या आमच्या एकुलत्या भातखाचरात उतरल्या, चिमूटभर चिखल जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि थुंकल्या. "खारट," एवढेच म्हणाल्या. त्या वर्षी भात करपले. भरती दरवर्षी थोडी वर सरकते आहे, असेच चालले तर खाचराचे खाजण, नुसती खारी दलदल, होईल, असे सासरे म्हणत.

मी डोंगराच्या पायथ्याची. ओहोटीचा तो कुबट, शेवाळी वास, चिखलात बुडबुडे फुटल्याचा बारीक आवाज, सारेच मला नवे. बांधावरून हिंडताना मला दिसले, की कांदळाची झाडे जिथे मुळांच्या कमानी रोवून उभी होती, तिथे लाट कुजबुजत यायची आणि गाळ मागे ठेवून जायची. बांध फुटला होता तो उघड्यावर.

"इथली झाडे कुठे गेली?" मी विचारले.

"चुलीत," सासूबाई म्हणाल्या.

मग मी कांदळाच्या लांब, हिरव्या शेंगा वेचल्या. हातांना एकच लावणी ठाऊक होती. भाताच्या रोपांसारखी चार-चार शेंगांची मूठ करून मी त्या फुटल्या बांधापुढच्या चिखलात दाटीवाटीने रोवू लागले.

"ह्या काय गो? भात लावतंस?" सासूबाई हसत सुटल्या. "एकेक लाव. तेका पाय पसरूक जागा व्हयी."

तिथेच होडी लावणारे शेजारचे काका मात्र वैतागले. "वयनी, आता माजी होडी काय तुमच्या डोक्यार बांदू?"

"बांद मरे! तुझ्यापेक्षा हलकीच आसतली," सासूबाई म्हणाल्या.

तरी होडीपुरती वाट आम्ही मोकळी सोडली.

पुढच्या वर्षी निम्मी रोपे खेकड्यांनी कुरतडली, बांध पुन्हा फुटला. मी पुन्हा एकेक शेंग रोवली. पाचव्या पावसाळ्यापर्यंत झाडे माझ्या खांद्याला आली. त्या उधाणात बांध होडीच्या वाटेपाशी तेवढा खचला, फुटला नाही.

सासूबाईंचे गुडघे आता चिखलात उतरू देत नसत. मीच उतरले, चिमूट जिभेवर ठेवली. गंज, ओला पेंढा, कुजके पान... मी मीठ शोधत राहिले.

"कशी आसा गो?"

मला ठरवता येईना. दुसरी चिमूट बांधावर त्यांच्याकडे नेली. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ तोंड हलवले, आणि गिळली.