डोन्माइ-सान

सबनीसांचा फोन यायचा तो त्यांचा संघ हरल्यावर. जिंकल्यावरच करायचा असं त्यांनी ठरवलं असतं, तर गेल्या काही वर्षांत आमचं बोलणंच झालं नसतं. त्या रविवारी संध्याकाळी टोकियोतल्या निशी-कसाईच्या आमच्या घरात मी दुसऱ्या दिवशीचा कचरा वेगळा करत बसले होते. प्लास्टिक एका पिशवीत, बाटल्या दुसरीत. फोनवर त्यांचं नाव दिसलं. फोन खांद्याशी दाबून धरला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "बोला, आज कितीनं?" पलीकडून एका बाईनं अतिशय नम्र जपानीत विचारलं, की या फोनच्या मालकाची मी कोण लागते... ती सेंदाईतल्या रुग्णालयातली परिचारिका होती.

सामना बघून सबनीस बसनं घरी निघाले होते. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, हे खिडकीला डोकं टेकून बसूनच राहिले. डोळा लागला असेल म्हणून चालकानं हळूच हाक मारली, मग जवळ येऊन मारली. त्यांच्या जुन्या घडीच्या फोनला कुलूप नव्हतं आणि त्यात शेवटचा नंबर माझा होता. संघ त्या दिवशी हरला होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. खरं तर विचारायची गरजच नव्हती.

दिगंबर सबनीस मातीचे शास्त्रज्ञ. सेंदाईच्या एका खासगी विद्यापीठात मी पोस्टडॉक म्हणून गेले तेव्हा ते त्याच प्रयोगशाळेत होते, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे. आम्ही दोघंही पुण्याचे, तरी आमच्यात शेवटपर्यंत अहो-जाहोच राहिलं. बायको शुभदावहिनी आणि लेक इरा, असं तिघांचं बिऱ्हाड होतं. पहिल्याच आठवड्यात वहिनींनी मला घरी बोलावून वरणभात वाढला, आणि जेवण होताच सबनीस मला विद्यापीठाच्या बास्केटबॉल सामन्याला घेऊन गेले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सबनीसांनाही फारसं कळत होतं असं नाही. शाळेत ते खोखो खेळलेले. पण त्या जुन्या व्यायामशाळेच्या लाकडी बाकांवर बसलं की हा अबोल माणूस वेगळाच व्हायचा. आमच्या संघाकडे चेंडू आला रे आला, की ते उभे राहून ओरडायचे, "दोन मार! दोन मार!"

त्याचीही एक गोष्ट आहे. जपानी प्रेक्षक सारखे 'डोन्माइ, डोन्माइ' असं काहीतरी ओरडतात हे त्यांनी पहिल्या दिवसापासून ऐकलेलं. बास्केट झाली की दोन गुण, म्हणजे हे लोक 'दोन मार'सारखंच काहीतरी म्हणत असणार, अशी त्यांची शास्त्रीय खात्री. "भाषा वेगळ्या असल्या तरी माणूस ओरडतो तेच," असं मला त्यांनी अगदी गंभीरपणे समजावलं होतं. जपानी शाळेत जाणाऱ्या इरानं एक दिवस जेवताना सांगितलं, "बाबा, डोन्माइ म्हणजे डोन्ट माइंड. कुणी चुकलं की म्हणतात. काही हरकत नाही, असं." सबनीस घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे पोरांनी बॉल टाकायच्या आधीच मी त्यांना माफ करत होतो!" पुढच्या सामन्याला हे तोंड बंद ठेवून बसतील असं वाटलं होतं, पण छे. तीच आरोळी. चेंडू आत गेला तर 'दोन मार', नाही गेला तर 'डोन्माइ', म्हणाले, एका शब्दात दोन्ही कामं होतात.

मग भूकंप झाला. दुपारची वेळ, बाहेर बर्फ भुरभुरत होतं. सबनीसांच्या इमारतीला तडे गेले आणि आम्ही सगळे त्याच व्यायामशाळेत जाऊन पडलो. बास्केटबॉलच्या मुलांचा सराव चालू होता म्हणून ती तिथेच होती. त्यांनी चटया पसरल्या, म्हाताऱ्यांना आतल्या भिंतीच्या कडेला झोपवलं, टाकीतून बादल्या भरभरून संडासापर्यंत नेल्या. इरा थंडीनं कुडकुडत होती. कप्तानानं अंगातलं निळं संघाचं जॅकेट काढून तिला घातलं. तिच्या घोट्यांपर्यंत आलं ते. यातल्या बऱ्याच मुलांची घरं त्सुनामीत सापडलेल्या समुद्राकाठच्या गावांत होती आणि घरच्यांचा पत्ता नव्हता, पण एकानंही तोंडातून शब्द काढला नाही. कप्तानाची आई कधीच सापडली नाही. हेही त्यानं सांगितलं नाही, आम्हाला दुसऱ्याकडून कळलं.

जॅकेट परत करायला सबनीस गेले तेव्हा तो म्हणाला, राहू दे, तिला आवडलंय. महिन्याभरात वहिनी इराला घेऊन पुण्याला गेल्या. अणुभट्टीतल्या किरणोत्साराच्या बातम्या होत्या, दोन्हीकडच्या आई-वडिलांचे दिवसातून चार फोन होते. सबनीसांनीही जायचं असं ठरलेलं. पण त्या वर्षी मुलांना सरावाला जागा नव्हती आणि संघ पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत घसरला. सबनीसांनी फोनवर वहिनींना सांगितलं, "संघ वर गेला की येतो." वहिनींना वाटलं, एक वर्ष काढायचं. मलाही तसंच वाटलं.

ती मुलं पास होऊन निघून गेली. नवी आली, तीही हरत राहिली. आणि इथून पुढे मला राग आवरत नाही. विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी ठरवलं की खेळातून नाव काढायचं. भूकंपात तग धरलेली ती व्यायामशाळा पाडली आणि तिच्या जागी काचेचं झगमगतं क्रीडासंकुल उभं केलं. टोकियोहून नावाजलेला कोच आणला, दूरदूरहून उंच मुलं शुल्क माफ करून आणली, संघाचं चिन्ह बदललं, निळा रंग जाऊन कसलासा चंदेरी आला. त्याच काळात सबनीस समुद्राचं पाणी शिरलेल्या भातशेतांची माती गोळा करत हिंडत होते. मीठ किती खोल गेलंय, कुठली जमीन पुन्हा पिकेल, हे बघणारं काम. नमुने ठेवायची शीतपेटी बंद पडली तर सांगण्यात आलं, यंदा तरतूद नाही. त्यांनी घरच्या फ्रिजमधलं दूध-दही काढून तिथे मातीच्या नमुन्यांच्या बरण्या ठेवल्या.

तरीही ते सामन्याला जात. हे मला कधीच समजलं नाही. मी तोवर नोकरी बदलून टोकियोला आले होते, दर रविवारी फोन यायचा. "मेधाताई, तो मोठा पडदा बघायला हवा तुम्ही. त्यावर आमचा फ्री थ्रो हुकलेला तीन बाजूंनी दाखवतात." कधी कोचवर तोंडसुख, कधी कारभाऱ्यांवर. "अहो, त्या काचा पुसायच्या पैशात माझी शीतपेटी आली असती." मी म्हणायचे, मग जाता कशाला? विद्यापीठ तुमच्या तोंडचा घास काढून ज्यांना भरवतंय त्यांच्यासाठी घसा कोरडा करता? ते म्हणायचे, "मुलांचा काय दोष... त्यांना कुणी विचारलं होतं का, पडदा हवा की माती हवी?" पण मला वाटायचं, आणि आजही वाटतं, की तो कप्तान, त्या बादल्या, ते जॅकेट यांची परतफेड ते भलत्याच माणसांना करत होते. ज्यांना करायची ते केव्हाच निघून गेले होते, आणि ज्यांना मिळत होती त्यांना ती कशाबद्दल हे ठाऊक नव्हतं.

पुढे त्यांचा करार विद्यापीठानं वाढवला नाही. तोंड भरून आभार मानले, निरोपाची मेजवानी दिली. आता तरी पुण्याला जातील म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण ते सेंदाईतच राहून मुलांना खासगी क्लासात इंग्रजी शिकवू लागले. त्यांना शेवटची भेटले तेव्हा सामना बघायला मुद्दाम सेंदाईला गेले होते. केस पांढरे झाले होते, कोट सैल झाला होता. संकुलात खुर्च्या गुबगुबीत, माणसं तुरळक. हरला तर संघ तिसऱ्या श्रेणीत जाणार होता. शेवटच्या मिनिटाला चेंडू आमच्याकडे आला, मी त्यांच्याकडे बघितलं. ते उभे राहिले, तोंड उघडलं, आणि काही न बोलता खाली बसले. चेंडू रिंगवर आपटून बाहेर आला. बाहेर पडताना मी विचारलं, "ओरडला नाहीत?" म्हणाले, "आवाज घुमतो हो इथे. आपलाच आपल्याला ऐकू येतो." बसच्या थांब्यावर उभं राहून मी त्यांना सरळ विचारलं की तिसऱ्या श्रेणीतून पहिलीत यायला किती वर्षं लागतील. बस आली.

अंत्यविधीला वहिनी एकट्याच आल्या. इराची परीक्षा होती, आणि खरं सांगायचं तर तिला यायचंच नव्हतं. जपानी रीतीप्रमाणे दहनानंतर दोघांनी मिळून लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवायच्या असतात. वहिनींनी एकही निसटू दिली नाही. कलश पांढऱ्या कापडात बांधून मिळाला तेव्हा तो मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "चला. निघाला एकदाचा. संघ काही वर गेला नाही, पण हा निघाला."

मग त्यांनी पिशवीतून ते निळं जॅकेट काढलं. नीट धुऊन, घडी करून आणलेलं. "हे त्या लोकांचं त्यांना देऊन टाकायचंय मला. घरात नको." मी त्यांना संकुलात घेऊन गेले. सराव चालला होता. संघाची व्यवस्था बघणारी एक विद्यार्थिनी धावत आली, वाकली. मी सबनीस गेल्याचं सांगितलं तर नाव तिच्या लक्षात येईना. मी म्हटलं, भारतीय, पांढरे केस, दर सामन्याला यायचे. तिचा चेहरा एकदम बदलला. "आ... डोन्माइ-सान," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. तिनं हाक मारून चार-पाच खेळाडूंना बोलावलं. सगळे ओळीत उभे राहून खोल वाकले. डोन्माइ-साननी आम्हाला फार धीर दिला, असं ती म्हणाली. जॅकेट तिनं दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट बघितलं आणि फार नम्रपणे परत केलं. हे चिन्ह त्यांच्या ओळखीचं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या शाळेचं असेल बहुतेक, असं तिला वाटलं.

"काय नाव म्हणाली ती त्याचं?" वहिनींनी विचारलं.

"डोन्माइ-सान."

इरानं कधीतरी सांगितलेला अर्थ त्या विसरल्या असतील असं मला वाटलं. मी सांगितला. "काही हरकत नाही, असं म्हणणारे गृहस्थ."

वहिनी त्या उंच, घामेजलेल्या मुलांकडे बघत राहिल्या. त्यांच्यातलं कुणी इराएवढं होतं, कुणी थोडं मोठं. मग मराठीतच, आवाज न चढवता, त्या म्हणाल्या, "मला हरकत आहे. सांग त्यांना, मेधा. मला हरकत आहे."

ती विद्यार्थिनी माझ्याकडे बघत होती, मी भाषांतर करेन म्हणून. जपानीत हे वाक्य सांगता येतं. मी सांगितलं नाही. काय सांगायचं होतं? की ज्या माणसानं तुम्हाला धीर दिला, त्यानं तो आपल्या लेकीच्या वाट्यातून काढून दिला? मुलांनी पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला आणि शिट्टी वाजली तशी ती सरावाला परत गेली.

पुण्याला जाताना वहिनींनी जॅकेट माझ्याकडे ठेवलं. म्हणाल्या, टाकून दे. आमच्याकडे जुन्या कपड्यांचा वार ठरलेला असतो, तेव्हा घडी करून खाली नेऊन ठेवायचं, इतकं सोपं काम आहे. दोनदा नेलं मी. दोन्ही वेळा कचऱ्याची गाडी यायच्या आत जाऊन परत घेऊन आले. माझा मुलगा जपानीत विचारतो, आई, हा कुठला संघ आहे? मी सांगते, हा आता नाहीये.

सबनीस असताना मी त्या संघाचा निकाल एकदाही आपणहून बघितला नव्हता. आता रविवारी संध्याकाळी कचरा बाजूला ठेवून फोनवर शोधते. आजही हरलो आपण, तिसऱ्या श्रेणीतही. बघून झालं की माझं बोट सवयीनं त्यांच्या नावापर्यंत जातं... त्या नंबरावर आता कुणी नाही. जॅकेट दाराशी खुंटीला आहे. उद्या जुन्या कपड्यांचा वार आहे, आणि मी ते उतरवलेलं नाही.