मागून रेटणारा ऊस

सविताबाई कोपरगावजवळच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवायच्या. बल आणि गतीचा धडा आला की त्यांचा नवरा मच्छिंद्र उसाचा ट्रॅक्टर घेऊन मैदानात हजर. रिकामी ट्रॉली चार पोरं सहज ढकलायची. भरलेली मात्र अख्ख्या वर्गाकडूनही तसूभर हलत नसे. "खावा अजून भाकरी!" म्हणत तो मिशीत हसायचा. खरं सांगायचं तर पोरं बाईंपेक्षा त्याचीच वाट बघायची.

गेल्या हंगामात दोन भरल्या ट्रॉल्या कारखान्याकडे नेताना पुलाच्या उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि मच्छिंद्र गेला. डोळा लागला असेल, ब्रेक मारायचं राहिलं असेल, असं गाव बोललं. सगळ्यांत आधी तिथे पोचलेला धाकटा दीर सूर्यभान रडत सांगत होता, "वहिनी, दादाचा पाय बिरेकवरच हुता." बाईंनी त्याला झिडकारलं. ब्रेक दाबला असता तर ट्रॅक्टर थांबला नसता का? समजूत घालायला माणसं काय वाटेल ते सांगतात! तेव्हापासून त्या नवऱ्यावर जळफळत होत्या. फोटोला हार घालतानाही म्हणायच्या, "एक पाय हलवता आला नाही तुम्हाला?" तो राग होता म्हणून त्या उभ्या तरी होत्या.

यंदा मुख्याध्यापक म्हणाले, धडा दुसऱ्या कोणाला देऊ. बाई हट्टाला पेटल्या. फळ्यावर ट्रॅक्टर काढला, मागे दोन ट्रॉल्या.

"थांबलेली वस्तू आपणहून हलत नाही. तशीच चालती वस्तू आपणहून थांबत नाही, तिला कोणीतरी अडवावं लागतं. जितकं वजन जास्त, तितका अडवायला जोर जास्त."

रुपालीने हात वर केला. "बाई, ट्रॉलीला कुठं बिरेक असतो? मग ट्रॅक्टरनं बिरेक मारल्यावर मागच्या ट्रॉल्या काय करत्यात?"

"त्या पुढेच येत राहतात. उतार असला तर..." बाई थबकल्या. "उतार असला तर ट्रॅक्टरलाच रेटत नेतात. ब्रेक कितीही दाबून धरला तरी."

उत्तर बरोबर होतं. इतकी वर्षं त्यांनीच ते शिकवलं होतं. फक्त आपल्या माणसाच्या बाबतीत ते त्यांना सुचलं नव्हतं.

बाई खुर्चीत बसल्या आणि पोरांसमोरच हमसून हमसून रडू लागल्या. मच्छिंद्रने शेवटपर्यंत ब्रेक दाबून धरला होता, आणि त्याच्यासाठी नुसतं रडणं त्यांना आज पहिल्यांदा जमत होतं.